त्या खोलीचं कुलूप काढा: आमच्या तालुक्याच्या रुग्ण कल्याण समितीला खुलं पत्र

ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीचे सन्माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या खोलीला कुलूप लागलं. दारावर कागद चिकटवलाय: 'फिजिओथेरपीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे.' चौकशी केल्यावर कळलं की कंत्राटावरच्या मॅडमची मुदत संपली आणि ती वाढवायची नाही असं आपल्या बैठकीत ठरलं. खोलीत आता सलाईनच्या पेट्या रचल्या आहेत. कारण विचारलं तेव्हा मला दोन उत्तरं मिळाली. रोजचे रुग्ण कमी होते, हे एक. दुसरं असं की कंबरदुखी हे काही जिवावरचं दुखणं नाही.

या दोन्ही उत्तरांना माझा विरोध आहे. तो बैठकीच्या खोलीत राहू नये, तालुक्यातल्या लोकांनीही वाचावा, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी इथल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. माझा धाकटा भाऊ सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला शेतमजूर, होता. 'होता' हा शब्द लिहिताना हात थांबतो, कारण तो अवघा एकेचाळीस वर्षांचा आहे. आमचे वडीलही सालदारच होते. दोघांना शिकवणं त्यांना परवडत नव्हतं, म्हणून दहावीनंतर भाऊ शेतात गेला आणि मी कॉलेजात.

आम्हा दोघांनाही सायटिका झाला. मला २०१९च्या श्रावणात, खालच्या फळीवरचे जाड संदर्भग्रंथ उचलताना. सकाळी कमरेत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत डाव्या कुल्ल्यापासून पोटरीवरून पार टाचेपर्यंत वीज उतरायला लागली. शिंक आली तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्याला जानेवारी २०२३मध्ये, केळीच्या बागेत. वीस-बावीस किलोचा घड खांद्यावर होता, रात्री पाणी दिलेली सरी होती, पाय घसरला. आमच्या दोघांच्या एमआरआयचे अहवाल मी घरी शेजारी शेजारी ठेवून वाचले आहेत. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी, दोघांचीही डावीच बाजू, आणि शिरेवर दाब. अहवालातले शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

मी तीन महिन्यांत बरी झाले. आज रोज पाच किलोमीटर चालते. भाऊ तीन वर्षं झाली तरी धड उभा राहिलेला नाही.

गादी एक, जागा एक, रक्त एक. मग फरक कुठून आला? आपल्या समितीनं हा प्रश्न मनावर घ्यावा अशी माझी विनंती आहे, कारण ज्या खोलीला आपण कुलूप लावलंत, ती या फरकावरच काम करत होती.

मला काय मिळालं ते आधी सांगते. डॉक्टरांचा दाखला जोडून मी सहा आठवड्यांची परिवर्तित रजा घेतली, पगार पूर्ण आला. परत कामावर गेले तेव्हा प्राचार्यांनी स्वतःहून एक उंच टेबल दिलं, म्हणजे उभ्यानं नोंदी करता याव्यात. पुस्तकं उचलायला शिपाई होता. घरी नवऱ्यानं पाणी भरणं आणि गॅसची टाकी आपल्याकडे घेतली. खाजगी फिजिओथेरपिस्टकडे बारा वेळा गेले, त्याचे पैसे होते. कुणी मला आळशी म्हटलं नाही. 'मॅडमना सायटिका झालाय,' एवढंच म्हणाले, आणि त्यात काळजी होती.

आता भावाचं. सालदारकी म्हणजे काय हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, पण शहरातून वाचणाऱ्यांसाठी सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाचा करार तोंडी ठरतो. बरीचशी रक्कम आधीच उचलली जाते, कारण मागचं देणं फेडायचं असतं, पोरांच्या शाळेचं असतं. मग वर्षभर जो दिवस चुकेल तो खाडा. खाडे मांडले जातात, पैशातून कापले जातात किंवा पुढच्या साली भरून द्यावे लागतात. माझा भाऊ जानेवारीत पडला तेव्हा साल संपायला साडेतीन महिने होते आणि उचल आधीच संपलेली होती. चौथ्या दिवशी तो इंजेक्शन घेऊन बागेत गेला. पुन्हा आठ दिवस घरी, पुन्हा इंजेक्शन, पुन्हा बाग. आखाजी येईपर्यंत त्याच्या नावावर एकोणतीस खाडे होते आणि डावा पाय उजव्यापेक्षा बारीक दिसायला लागला होता. त्या आखाजीला त्याला कुणीही सालदार ठेवलं नाही.

ज्यांच्याकडे तो कामाला होता ते शेतमालक वाईट नाहीत. त्यांनी दवाखान्यासाठी दोनदा पैसे दिले, परत मागितलेही नाहीत. पण केळीचा बाग कुणाच्या कंबरेसाठी थांबत नाही. पाणी, खत, पिलं काढणं, घड उतरवणं, सगळं वेळच्या वेळी लागतं, आणि मे महिन्यातलं एक वादळ उभा बाग आडवा करून जातं. त्यांनाही कर्ज आहे. त्यांना धडधाकट माणूस हवा होता.

मग सुरू झालं ते घरी पडून राहणं. ज्याला जो उपाय माहीत होता तो त्यानं सांगितला. शेजारच्या गावातल्या एका पायाळू माणसाकडून कमरेला पाय लावून घेतला. कुणी बेल्ट दिला, तो त्यानं झोपतानाही काढला नाही. एका खाजगी दवाखान्यात 'मणक्यात गॅप आहे, वजन उचललंत तर पाय कायमचा जाईल' असं सांगितलं. त्या एका वाक्यानं त्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं घसरलेल्या पायानंही केलं नसेल. तो पाण्याचा तांब्या उचलायला घाबरू लागला. गावात बोललं जाऊ लागलं, 'घर बशीसन खास', म्हणजे घरी बसून खातो. तो पारावर जाईनासा झाला. लग्नाकार्याला जाईनासा झाला. रात्री झोप नाही, दिवसा काम नाही. एकदा मला म्हणाला, 'ताई, मना पाय मना नही राह्यना.' माझा पाय माझा राहिला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता विज्ञान काय म्हणतं ते. मी डॉक्टर नाही, पण पुस्तकं आणि शोधनिबंध हुडकून काढणं हे माझं काम आहे, आणि या विषयावरचं मी तीन वर्षं वाचते आहे.

सायटिकामध्ये बहुधा मणक्यांमधल्या गादीतला मऊ गर बाहेर येतो आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेच्या मुळाला डिवचतो. हा बाहेर आलेला भाग पुष्कळ रुग्णांमध्ये शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना दोन आठवडे झोपून राहायला सांगितलं, अर्ध्यांना जमेल तसं हिंडतं-फिरतं राहायला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतले ८७ टक्के लोक सुधारलेले होते. झोपून राहण्याचा वेगळा फायदा झालाच नाही. त्याच देशातला २००७चा दुसरा अभ्यास २८३ रुग्णांचा, तीव्र सायटिकाचा. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांचं दुखणं लवकर थांबलं, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट सारख्याच जागी होते, सुमारे ९५ टक्के बरे. आधी शस्त्रक्रियेशिवाय उपचार दिलेल्या दुसऱ्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली हेही त्यात आहे. म्हणजे शस्त्रक्रिया वाईट असं मी म्हणत नाही. कुणाला ती लागते. मी एवढंच म्हणते की सरकलेली गादी म्हणजे जन्माचं अपंगत्व नव्हे.

एमआरआयबद्दलही एक गोष्ट. १९९४मध्ये अमेरिकेत ९८ अशा माणसांच्या कमरेचा एमआरआय काढला, ज्यांना कंबरदुखी मुळीच नव्हती. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. 'गॅप' पाहून घाबरवणाऱ्यांनी हे आधी रुग्णाला सांगायला हवं.

मग बरं व्हायला हवं ते माणूस वर्षानुवर्षं का झिजतं? जगभरातल्या संशोधकांनी यावर गेली तीस-पस्तीस वर्षं काम केलंय. 'हलल्यास आणखी बिघडेल' ही भीती, खचलेलं मन, झोपेचा अभाव, कामावरचा ताण, परतण्यासाठी हलकं काम नसणं, पैशाची विवंचना, घरच्यांचा आणि मालकाचा अविश्वास. गादी किती सरकली यापेक्षा दुखणं लांबणार की नाही हे या गोष्टींवरून पुष्कळदा जास्त नीट ओळखता येतं. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठानं यासाठी नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली तयार केली. तिच्या आधारे ज्याला जितकी गरज तितकी मदत दिली, तेव्हा रुग्णांचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाला आणि खर्चही वाचला. ते निष्कर्ष २०११मध्ये आले, ८५१ रुग्णांवरचे. नऊ प्रश्न! त्याला यंत्र लागत नाही, वातानुकूलित खोली लागत नाही. विचारणारं माणूस लागतं.

'जिवावरचं दुखणं नाही' असं जे म्हणाले त्यांच्यासाठी: २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांमध्ये तिचा क्रमांक जगात पहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. रुग्णाला नीट समजावून सांगणं, व्यायाम, मानसिक आधार यांची त्यात शिफारस आहे. कमरेचे बेल्ट आणि कमरेला ताण देण्याचं (ट्रॅक्शनचं) यंत्र सरसकट वापरू नका, असंही त्यात आहे.

वाचता वाचता मला एक गोष्ट उमगली, आणि या पत्रात मला मुख्यतः तीच सांगायची आहे. सगळ्या चांगल्या डॉक्टरांचा सल्ला एकच असतो: पडून राहू नका, जमेल तेवढं नेहमीचं काम चालू ठेवा. हा सल्ला बरोबर आहे. पण माझं 'जमेल तेवढं' म्हणजे उंच टेबलावर तासभर नोंदी, मग थोडं चालणं, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. माझ्या भावाच्या जगात 'जमेल तेवढं' असं काही नसतंच. एका बाजूला वीस किलोचा घड आणि दुसऱ्या बाजूला खाट. मध्ये पायरी नाही. मला ती मधली पायरी नोकरीनं दिली. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम देते. सालदाराला, केळी वाहणाऱ्याला, कापूस वेचणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही.

आपल्या रुग्णालयातली ती खोली अशा लोकांची मधली पायरी होती.

भाऊ २०२४च्या दिवाळीनंतर तिथे जायला लागला. मी ओढून नेलं म्हणून गेला. त्या मॅडमनी पहिल्या दिवशी त्याच्या पायाला हातही लावला नाही. स्टुलावर बसून पाऊण तास विचारत राहिल्या. काम काय, खाडे किती, देणं कुणाचं, रात्री झोप लागते का, घरात कोण बोलतं, कशाची भीती वाटते. जवळजवळ दोन वर्षांत एवढं कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. मग एक रिकामी बादली समोर ठेवली आणि म्हणाल्या, 'ही उचला.' त्याचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी गुडघ्यातून कसं बसायचं ते दाखवलं, बादली अंगाजवळ धरायला लावली. त्यानं उचलली. काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात बादलीत दोन तांबे पाणी. मग पाव बादली. मग अर्धी. रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालणं, मग नाल्यापर्यंत, मग फाट्यापर्यंत. बेल्ट कधी सुटला ते त्याला कळलंही नाही. मार्चमध्ये तो पुन्हा पारावर बसला. मे महिन्यात एका रोपवाटिकेत पिशव्या भरायचं अर्ध्या दिवसाचं काम त्यानं धरलं, मजुरी थोडी पण स्वतःची. नंतर पूर्ण दिवस करू लागला.

खोली बंद झाल्यापासून तो पुन्हा घरी बसलाय. एका सकाळी कमरेत उसण भरली, एरवी तो मॅडमकडे गेला असता, त्यांनी 'हे होतं, घाबरू नका' म्हटलं असतं आणि दोन दिवसांत तो कामावर असता. आता विचारायला कुणी नाही. बेल्ट पुन्हा कमरेवर चढलाय.

त्या बाकावर मी त्याच्यासोबत पुष्कळदा बसले आहे, म्हणून आणखी थोडं सांगते. तिथे बायका जास्त असायच्या. कापूस वेचणाऱ्या, दिवसभर वाकून, कमरेला ओटी बांधून, किलोच्या भावानं. घरी आल्यावर पाणी, भाकऱ्या, गोठा. माझी भावजय त्यांच्यातलीच. नवरा पडल्यापासून ती दोघांचं काम करते आणि तिची कंबर दुखते हे आमच्या घरात कुणाच्याही तोंडी नसतं. एक मावशी मला म्हणाल्या होत्या की इथे शेक घेताना वीस मिनिटं पाठ टेकायला मिळते, घरी दिवसा पाठ टेकली तर चार बोटं वर उठतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा आणि बारेला या आदिवासी समाजांतल्या बायका यायच्या. मॅडमनी त्यांच्यासाठी पावरीतले दहा-वीस शब्द शिकून घेतले होते: दुखतं, बधिर, वाक, बस, भिऊ नको. रोजचे रुग्ण कमी होते, असं आपण म्हणता. आकडा कमी असेल. पण ही माणसं मजुरी बुडवून येत होती, हे त्या आकड्यात कुठे दिसतं?

आता माझ्या तक्रारी, स्पष्ट शब्दांत.

खोली बंद करण्याआधी आपण एकाही रुग्णाशी बोलला नाहीत. समितीचं नावच रुग्ण कल्याण समिती आहे. निदान ज्यांचे कागद तिथल्या फाईलमध्ये होते त्यांना तरी विचारायचं होतं.

जिल्ह्याच्या ठिकाणी जा, हे उत्तर होऊ शकत नाही. एसटीनं पावणेदोन तास जायला, तेवढेच यायला. सायटिकाच्या माणसाला त्या बाकड्यावर, त्या रस्त्यावर बसवून पाहा. २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, भावाला पूर्ण पडतं. तिकीट, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, आठवड्यातून दोनदा. असा उपचार कुणीही तिसऱ्या खेपेला सोडून देईल. आणि सोडला की कागदावर शेरा पडतो, 'रुग्ण आला नाही'.

मागच्या वर्षी समितीनं ताण देण्याचं यंत्र विकत घेतलं. त्याची शिफारस आज जागतिक आरोग्य संघटना करत नाही, हे मी वर सांगितलंच. यंत्र आहे, ते चालवणारं आणि रुग्णाशी बोलणारं माणूस काढून टाकलं. हा खर्चाचा क्रम मला मान्य नाही.

शासनाची जन आरोग्य योजना चांगली आहे. २०१२ साली ती वेगळ्या नावानं पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपल्या खानदेशातला धुळे जिल्हा होता, आणि तिनं कितीतरी घरं वाचवली आहेत. पण ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. माझ्या भावाची पाठ कापायची झाली तर तिचा आधार मिळू शकतो, बारा आठवडे बादली उचलायला शिकवायची झाली तर नाही. ही त्रुटी वरून दुरुस्त व्हायची तेव्हा होईल. तोवर ती भरून काढणारी जागा आपल्या हातात होती, तिलाच कुलूप लागलं.

आणि दाखले. आपल्या रुग्णालयातून आजवर भावाला जे कागद मिळाले त्यावर 'एक महिना पूर्ण विश्रांती' एवढंच लिहिलेलं असायचं. त्या कागदाचा मजुराला काही उपयोग नाही, उलट नुकसान आहे. मालक तो पाहून म्हणतो, मग ये पूर्ण बरा होऊन. 'पाच किलोपर्यंत वजन उचलू शकतो, सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वाकू नये, चालणं चांगलं' असं कुणी लिहून दिलं असतं तर रोपवाटिकेचं काम त्याला दोन वर्षं आधी मिळालं असतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

खोली पुन्हा उघडा, आठवड्यातून निदान तीन दिवस. त्यातला एक दिवस आठवडे बाजाराचा हवा, कारण त्या दिवशी पाड्यांवरची माणसं तशीही येतात, मजुरी वेगळी बुडत नाही. एक दिवस दुपारनंतरची वेळ ठेवा, शेतातून परतणाऱ्यांसाठी. मॅडमच्या मानधनाची सोय आपल्याला मिळणाऱ्या अबंधित निधीतून किंवा नोंदणी शुल्कातून करता येते का, हे लेखी तपासा. नियमात बसत नसेल तर कोणत्या नियमात बसत नाही ते जाहीर करा, म्हणजे आम्ही पुढे दाद मागू. कायमचं पद मंजूर व्हावं म्हणून समितीनं ठराव करून वर पाठवावा. ठरावाच्या मागे सह्या लागतील तर त्या गोळा करायची जबाबदारी माझी.

कंबरदुखी-सायटिकाच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत काम, देणं, झोप, भीती आणि घरची परिस्थिती विचारली जावी. प्रश्न मराठीत, अहिराणीत आणि पावरीत छापून ठेवा. अहिराणीचं काम मी आणि आमचे विद्यार्थी विनामूल्य करून देऊ.

विश्रांतीच्या दाखल्याऐवजी कामाचा दाखला द्या: काय करू शकतो, किती, आणि कधीपर्यंत. रोजगार हमीच्या कामांवर पाणी देण्यासारखी हलकी कामं असतात. हा दाखला पाहून ती अशा माणसाला मिळावीत, यासाठी तहसील आणि ग्रामपंचायतींशी समितीनं बोलावं.

बाह्यरुग्ण विभागात मोठा फलक लावा. पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाय वाढत्या प्रमाणात लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं, थांबायचं नाही. ताप येत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तरी लवकर डॉक्टरांना दाखवायचं. आणि त्याच फलकावर त्याखाली: बाकी बहुतेकांची पाठ बरी होते, चालत राहा. हे दुसरं वाक्यही तितकंच मोठ्या अक्षरांत हवं. खचलेल्या रुग्णासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांकही लिहा. भावाचे जे महिने गेले त्यात तो फलक कुठेतरी दिसायला हवा होता.

आशाताईंना या विषयाची एक दिवसाची माहिती द्या. त्या घराघरांत जातात. 'घर बशीसन खास' असं म्हणणाऱ्यांना उत्तर देणारं कुणीतरी गावात हवं, आणि त्यांचं ऐकतात.

शेतमालकांनाही या पत्रातून एक विनंती करते. समितीत आपल्यापैकी काही जण स्वतः बागायतदार आहेत. आखाजी जवळ येते आहे. यंदा साल ठरवताना आजारपणाचे काही दिवस खाड्यात धरायचे नाहीत असं आपण चार-पाच जणांनी जरी ठरवलंत, आणि पाठ धरलेल्या सालदाराला दोन महिने ठिबकच्या नळ्या बघायचं, रोपांचं, हिशेबाचं काम दिलंत, तर तालुक्यात तो पायंडा पडेल. अनुभवी सालदार परत मिळणं आपल्याही फायद्याचं आहे. बागेची नाडी त्याला ठाऊक असते.

या पत्राची एक प्रत मी रुग्णालयाच्या आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं मिळावीत असा वेगळा अर्जही सोबत आहे. मी येईन, भावजय येईल, त्या बाकावरच्या आणखी काही जणी यायला तयार आहेत. भावानंही येतो म्हटलंय. त्याला फार वेळ बसवत नाही, तो उभ्यानं बोलेल.

आपली,
या तालुक्यातली एक ग्रंथपाल